न आढळलेले तांबे

दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा असलेल्या पीसीबीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्याच्या पाटीत, ड्रिलने पाडलेल्या भोकाची भिंत काचतंतू आणि इपॉक्सीची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून डोंबिवलीच्या घरात अशी पाटी घडवणारा हौशी कारागीर त्या भिंतीला आधी ग्रॅफाइटचा लेप देतो आणि मग पाटी विजेच्या ऋण टोकाला जोडून, मोरचूद व गंधकाम्लाच्या द्रावणात टांगून, सुमारे 25 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका, तांब्याचा थर चढवतो. तो थर अखंड बसला की नाही हे मल्टिमीटरवर तपासले जाते; मीटर वाजला नाही, तर आत कुठेतरी तांबे नाही असे ठरते.

हे नसणे कशाने कळते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो, मात्र वस्तू असती तर ती आढळलीच असती अशी स्थिती हवी, आणि या अटीला ते योग्यता म्हणतात. मुक्या मीटरची दोन टोके कारागीर एकमेकांना टेकवून पाहतो, तेव्हा तो हीच अट पुरी करत असतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ती निरीश्वरवाद्यांपुढे ठेवली: ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही, तेव्हा तो दिसत नाही एवढ्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. एवढ्याने ईश्वर सिद्धही होत नाही, त्यासाठी उदयनांना वेगळी अनुमाने मांडावी लागली. पण नकाराची पात्रता तपासण्याची ही शिस्त, ईश्वर मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखीच मोलाची आहे.

ती श्रद्धावंतालाही बांधते. वापरलेले निळे द्रावण मोरीत ओतून वर बादलीभर पाणी सोडले की रंग दिसेनासा होतो आणि तांबेही गेले असे वाटते. परंतु इथे डोळ्याला योग्यता नाही, कारण रंग दिसण्यास लागणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी खाली असतानाही तांबे शेवाळाला आणि माशांना बाधते. कल्याणच्या ज्या खाडीत गणपतीचे विसर्जन होते, तिच्याकडेच या परिसरातले नाले वाहतात, आणि त्या पाण्याला पवित्र मानणाऱ्याने ही तपासणी टाळणे समर्थनीय नाही. धुण्याचा सोडा मिसळल्यावर द्रावणातले बरेचसे तांबे हिरवट-निळ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते, आणि हा साका गाळून वेगळा ठेवता येतो. वर राहिलेले नितळ पाणी मात्र चाचणीची पट्टी बुडवून पाहिल्याशिवाय तांबेरहित म्हणता येत नाही.