कूस बदलण्याचा हिशोब

वृद्धाश्रम बघायला गेलेले नातेवाईक आधी बाग बघतात. मग प्रार्थनेचा हॉल, जेवणघर, लिफ्ट, खोलीतला टीव्ही. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींची टाच कशी आहे, हे कुणी विचारत नाही. तिथली शुश्रूषा कशी चालते ते मात्र त्या टाचेवर, माकडहाडावर आणि खुब्यावरच दिसते.

एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिले की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस-कातडी चेंगरते, रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. पहिली खूण म्हणजे लालसर डाग. बोटाने दाबून सोडला तरी तो फिका पडला नाही, तर बेडसोअरची सुरुवात झाली असे समजायचे. सावळ्या कातडीवर हा लालसरपणा सहज दिसत नाही. तिथे हात लावूनच पाहावे लागते: आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, कडक झाली आहे का, हात लागताच आजी कण्हतात का. रोज पाठ पुसणाऱ्या मावशीला हे डॉक्टरांच्या राउंडच्या कितीतरी आधी कळू शकते, पण त्यासाठी काय शोधायचे ते तिला कुणीतरी शिकवलेले असावे लागते. ते शिकवलेले नसते, म्हणून अशा जागी तेल नाहीतर पावडर लावून जोरात चोळले जाते आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. खाली हवेची गोल रिंग सरकवली जाते, आणि तिच्या कडेचा दाब नव्या जागी पडतो.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा जो अभ्यास केला, तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. दर दोन-तीन तासांनी कूस बदललेल्या रुग्णांना जखमा कमी होतात, असे त्यात आढळले. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन धोका ओळखण्याची तिची पद्धत आजही वापरली जाते. या पद्धतीला लागतात फक्त कागद, पेन आणि नीट बघणारा माणूस.

माणूस लागतो, आणि इथेच सगळे अडते. एखाद्या संस्थेत अंथरुणावरचे वीस जण आहेत आणि रात्रपाळीला दोघी मावश्या आहेत, असे धरू. कूस बदलताना माणसाला ओढून चालत नाही, कातडी सोलवटते. खालची चादर दोघींनी दोन बाजूंनी धरून अलगद उचलावे लागते, मग पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. एकाला पाच मिनिटे धरली तरी वीस जणांना शंभर मिनिटे होतात. दोन तासांतली उरली वीस मिनिटे. त्यातच डायपर बदलायचे, पाणी पाजायचे, घाबरून उठलेल्या आजोबांजवळ बसायचे. मावशी कितीही मायाळू असली तरी हा हिशोब बसत नाही. मग जखम झाल्यावर दोष मात्र तिच्यावर येतो. तो दोष खरे तर रात्री दोघींच्याच भरवशावर वीस माणसे सोपवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

तोंडाच्या स्वच्छतेचेही असेच. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत काही रहिवाशांचे दात प्रत्येक जेवणानंतर घासले गेले, बाकीच्यांचे नेहमीसारखेच चालू राहिले. दोन वर्षांत पहिल्या गटातल्या ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्के. तोंडाच्या नियमित काळजीने एवढा फरक पडला. भरवण्यातही तेच. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्याने, गिळल्याची खात्री करून पुढचा घास द्यायचा. घाईत भरवलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते.

ही सगळी कामे शिकवावी लागतात. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतल्या मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. त्याचा दर्जा ठरवणे राज्यांवर सोडले आहे. रात्री किती माणसांमागे किती हात असावेत, हे कायदा सांगत नाही. स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देणाऱ्या संस्था अनेक आहेत, आणि पडून असलेला माणूस घरीच नर्सिंग ब्यूरोतून आलेल्या, बारा-बारा तास राबणाऱ्या बाईच्या हवाली होतो. मलमूत्र साफ करण्याच्या कामाकडे आपण जातीच्या चष्म्यातून पाहत आलो, त्यामुळे त्यात कौशल्य असते हेच मान्य करायला आपण तयार नसतो. पगारही मग त्याच हिशोबाने ठरतो.

हे बदलायला सरकारी नियम हवेत, तपासणी हवी, मावश्यांना प्रशिक्षण आणि त्यानुसार वेतन हवे. पण नातेवाइकांनाही आजपासून काही करता येईल. संस्था बघायला जाल तेव्हा बाग जरूर बघा. मग कूस बदलल्याच्या वेळा लिहिलेली वही मागा, आणि रात्री दोन वाजता पडून असलेल्या किती जणांमागे किती मावश्या असतात, ते विचारा.