दिव्यावरून लावलेला दिवा

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या सराफ्यात जुने वाळे-तोडे मुशीत वितळतात आणि त्याच चांदीतून नवे दागिने, नवी भांडी घडतात. आकार मोडला, नाव बदललं, चांदी तीच. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच समजावतो. त्याचे दाखले मातीचे, सोन्याचे आणि लोखंडाचे. एखादी वस्तू एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते म्हणजे काय, याचं हे उत्तर मराठी मनात इतकं मुरलेलं आहे की गाण्यालाही तेच लावलं जातं.

गाण्याला ते लागू पडत नाही.

समजा, याच गावातल्या एखाद्या भजन गाणाऱ्याने आयपॅडवर गॅरेजबँडमध्ये एक भजन बांधलं. पेटी, ढोलकी, टाळ, मागे तंबोरा, वर स्वतःचा आवाज. आता पुढचं काम विंडोजच्या संगणकावर करायचं आहे. आयपॅडसाठी गॅरेजबँड २०११ साली आलं, पण त्यातला प्रकल्प ॲपलचं अंगण सोडून विंडोजवर उघडत नाही. मग बाकीचे ट्रॅक बंद ठेवून एकेक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढायचा, आणि तोही प्रत्येक वेळी अगदी पहिल्या मात्रेपासून, नाहीतर पलीकडे ढोलकीची सम एकीकडे आणि टाळ दुसरीकडे. क्युबेसिससारखं ॲप असेल तर वाद्यांची मिडी फाइलही मिळते.

ही मिडी १९८३ सालची. तिच्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती जोराने आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद. जोर मोजायचा तो १२७ पर्यंतच्या आकड्यांत. बोटांच्या कर्माची ती वही म्हणावी. टॅबलेटमधल्या पेटीचा नाद टॅबलेटमध्येच राहतो. नवा संगणक वही वाचतो आणि स्वतःजवळच्या पेटीतून नाद काढतो. चांदीत द्रव्य टिकतं, आकार मोडतो. इथे आकार पुढे गेला आणि द्रव्य मागे राहिलं.

मींड घेतली की हे कानाला कळतं. सूर पूर्ण वाकवायचा, असं वही सांगते. पण पूर्ण म्हणजे किती, हे ठरवतं पलीकडचं वाद्य. बहुतेक वाद्यांत ते दोन अर्धस्वर असतं. कुठे ते बारावर ठेवलेलं असेल, तर सा वरून रे कडे हलकेच जाणारी मींड थेट तार सा ला जाऊन भिडते. कर्म तेच, फळ निराळं.

‘पण गाणाऱ्याचा आवाज तरी तोच गेला ना?’ हा वेदान्त्याचा प्रश्न रास्त आहे. आवाज वेव्ह फाइलमधून जातो, आकडा न् आकडा तसाच. तरी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची फाइल ४८,००० च्या प्रकल्पात रूपांतर न होता वाजली, तर गाणं जवळजवळ दीड अर्धस्वर चढतं. काळी एकमधलं भजन पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं; तिथे कोणती पेटी साथ देणार? आणि सगळं नीट जुळलं तरी एक अडचण उरतेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला देही जुनं वस्त्र टाकून नवं घेतो. हे भजन मात्र टॅबलेटमध्येही आहे आणि संगणकातही. जुनं वस्त्र कुणी टाकलेलंच नाही.

म्हणून गाण्याला बौद्धांचा दाखला अधिक जवळचा वाटतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला विचारतो: पलीकडे काहीच जात नसेल तर पुनर्जन्म कसा? नागसेन आधी दिव्यावरून लावलेल्या दिव्याचा दाखला देतो. मग राजालाच विचारतो, लहानपणी गुरूकडून श्लोक शिकलात, तेव्हा तो गुरूला सोडून तुमच्याकडे आला का? राजाला नाही म्हणावं लागतं.

खामगावहून शेगाव जवळच. १८७८ साली तिथे प्रकटलेल्या गजानन महाराजांची एक कथा दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात आहे. महादेवाच्या देवळात गोविंदबुवा टाकळीकर कीर्तनाला उभे होते. बुवांनी श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला, आणि उत्तरार्ध आला तो बाहेर निंबाखाली बसलेल्या महाराजांच्या मुखातून. भक्त ही कथा महाराजांच्या अधिकारासाठी सांगतात, ते योग्यच. नागसेनाने ती ऐकली असती तर त्याचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेलं असतं: महाराजांनी उत्तरार्ध म्हटला म्हणून बुवांच्या कंठातून काहीच वजा झालं नाही.

दिव्यावरून दिवा लावायचा तर वात, तेल आणि आडोसा आधी हवा. भजनाच्या बाबतीत तो आडोसा म्हणजे चार ओळींचा कागद: पट्टी, लय, नमुन्यांचा दर, मींडेची मर्यादा. प्रत्येक वाद्याची मिडी आणि वेव्ह, दोन्ही बरोबर घ्यावीत, कारण एकात कर्म आहे आणि दुसऱ्यात नाद. मग संगणकाशेजारी खरी पेटी मांडावी, काळी एक धरावी आणि भजन पहिल्या मात्रेपासून शेवटच्या टाळापर्यंत ऐकावं. तोवर टॅबलेटवरचं काहीही पुसू नये.