शीव कोण सांगतो?

कशेडीचा बोगदा सुरू झाला आणि रायगड कुठे संपून रत्नागिरी कुठे लागते, हे गाडीत बसलेल्याला कळेनासं झालं. पोलादपूर तालुक्यातल्या भोगावपाशी आत शिरायचं, बाहेर पडावं तर खेड तालुका आलेला. पूर्वी घाट चढावा लागे. वळणावळणाला पोटात ढवळे, मग माथा येई आणि गाडीत कुणीतरी म्हणे, "लागली रत्नागिरी." हद्द अजून डोंगरावरच आहे. आपण तिच्या खालून जातो.

काल्पनिक राज्यांच्या कथा लिहिणारे आधी नकाशा काढतात. एक डोंगररांग, एक नदी, त्यांवरून एक तुटक रेघ. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. पण त्या राज्यातल्या गुराख्याला ती रेघ दिसत नाही. त्याची म्हैस परमुलखात शिरली, हे त्याला सांगणार कोण? महाड-पोलादपूरच्या मुलखाने या प्रश्नाची निरनिराळ्या काळात निरनिराळी उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर नदीचं आणि रानाचं. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख होता. दक्षिणेचा बाणकोट किल्ला 1756 मध्ये इंग्रजांकडे गेला. आजही त्या दोन काठांवर दोन जिल्हे आहेत. वर सह्याद्रीत मात्र रान हीच हद्द होती. चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीचं खरं कुंपण म्हणजे तिथली झाडी. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पाठोपाठ प्रतापगड उभा केला. गड बांधायचा तो घाटवाटांवर नजर राहावी म्हणून. वाट कुणाच्या ताब्यात आणि जकात कोण घेतो, यावरून राज्य कळे.

गावाचं एवढ्याने भागत नाही. गावाला वीतभर जमिनीचाही हिशेब लागतो, म्हणून गावाला शीव असते. वऱ्हाड शीव ओलांडताना नारळ वाढवतं, दसऱ्याला सीमोल्लंघन होतं. आमचे चाकरमानी मुंबईत शिरताना ज्या शीव स्टेशनाचं नाव वाचतात, तेही मुंबई बेटाच्या हद्दीवरूनच पडलेलं आहे.

शीव कशी राखावी, याचा बारकाईने विचार केलेला एक जुना ग्रंथ म्हणजे मनुस्मृती. तिच्या आठव्या अध्यायात सीमावादाचं स्वतंत्र प्रकरण आहे. हद्दीवर वड-पिंपळ लावावेत, तळी आणि विहिरी खोदाव्यात, देवळं बांधावीत. शिवाय कोंडा, राख, कोळसा, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीत गुप्तपणे पुराव्यात, असं तिथे सांगितलं आहे. साक्षीदाराने डोक्यावर माती घेऊन शपथ घ्यायची. गावचे साक्षीदार मिळाले नाहीत, तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळं खणणारे यांना विचारायचं. जमीन कुणाची, हे पायाखालची जमीन ओळखणाराच सांगू शकतो, एवढं त्या ग्रंथाला ठाऊक होतं.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात हे ज्ञान महार वतनदाराकडे होतं. शिवेचा तंटा उभा राहिला की पाटील, कुलकर्णी आणि शेजारगावची मंडळी त्याच्या मागून चालत. तो ज्या वाटेने चालेल ती शीव. त्याच्या पावलांवर दोन गावांचा निवाडा होई. आणि निवाडा झाल्यावर तो गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत परत जाई.

पुढे इंग्रजांनी मोजणी आणली. 33 फुटांची साखळी, 33 फूट लांब-रुंद गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, कोपऱ्याकोपऱ्यावर हद्दीचे दगड. साक्ष माणसाकडून कागदाकडे गेली. पण पूर्ण गेली नाही. आमच्या वरकस जमिनीच्या मोजणीच्या वेळी नकाशातला एक दगड काही केल्या सापडेना. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी बांधावर बसून बघत होती. ती म्हणाली, "ऐनाच्या मुळाशी बघा रे, मी तिथं पेंढा वाळवायची." करवंदीची जाळी तोडली, ओला पाचोळा बाजूला केला, तर हिरवट शेवाळ चढलेला दगड खाली होता. त्या दिवशी मला कळलं, हद्द दगडात नसते. दगड कुठे आहे हे सांगणाऱ्याच्या शब्दात असते.

म्हणूनच मला महाडचं चवदार तळं हे हद्दीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं स्थळ वाटतं. तिथे दगड नव्हता, कुंपण नव्हतं, तरी हद्द होती, आणि ती माणसामाणसांत होती. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावरची हद्द पुसली गेली, पायांखालची तशीच राहिली. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. मागाहून घागरींनी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं शुद्ध करण्यात आलं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा हायकोर्टातून 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

ज्या ग्रंथाने जमिनीची शीव सांगायला रानातल्या माणसाचा शब्द ग्राह्य धरला, त्यानेच माणसामाणसांतल्या शिवा आखताना त्या माणसाला काहीच विचारलं नाही. ज्याच्या पावलांनी गावाची हद्द ठरे, त्याला गावाच्या पाण्यापर्यंत पाऊल टाकायची मुभा नव्हती. महाडच्या सत्याग्रहाने हाच अन्याय उघडा पाडला आणि तोही त्या वतनदारांच्याच रीतीने, चालत जाऊन.

कुठल्याही राज्याची हद्द पाहताना, मग ते खरं असो की कथेतलं, मी आता रेघ बघत नाही. ती सांगणारा कोण आहे आणि त्याला आत जागा आहे का, हे बघतो. दरवर्षी 20 मार्चला चवदार तळ्याच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. लांबून आलेली म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून खाली उतरतात आणि ओंजळ भरतात. शीव कुठे नाही, हे ती पुढच्या पिढीला चालून दाखवत असतात.