दान केलेले दूध आणि दुधाचे नाते

दुधाने नाते जडते का, हा जुना प्रश्न मातृदुग्धपेढ्यांनी पुन्हा उभा केला. आशियातील पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून उणे २० अंशांत गोठवतात. अनेक मातांचे दूध एकत्र झाले की कोणाचे कोणते, हे सांगता येत नाही. इस्लामी धर्मशास्त्राची अडचण नेमकी इथेच आहे: तान्हेपणी एकाच स्त्रीचे दूध प्यालेली मुले भावंडे ठरतात, त्यांचा विवाह निषिद्ध. जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८५ साली पेढ्यांना मनाई केली. युरोपातील फतवा परिषदेने पुढे मुभा दिली.

हिंदू मनाला देवकीचा कृष्ण यशोदेच्या दुधावर वाढल्याचे कधी खटकले नाही. चांदवडच्या रेणुकामातेला आई म्हणणाराही रक्ताचा पुरावा मागत नाही. शंका उरते ती स्वच्छतेची, आणि ती रास्त आहे.

म्हणूनच वापरतानाही काळजी हवी: गोठवलेले दूध रात्रभर फ्रिजमध्ये किंवा बाटली कोमट पाण्यात धरून वितळवावे; मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते. वर आलेली साय हलक्या हाताने मिसळावी. फ्रिजमध्ये वितळलेले दूध २४ तासांत वापरावे, पुन्हा गोठवू नये.