डोकं वापरा, पण ओझं कुणाच्या डोक्यावर?

 

या आठवड्यात एकच मेसेज आमच्याकडे चार फॅमिली ग्रुपमधून फिरून आला. चित्रात एक माणूस चौकोनी दगड ढकलतोय, घामाघूम झालाय. दुसऱ्याने दगड तासून गोल केलाय आणि तो आरामात पुढे निघालाय. खाली लिहिलंय, हार्ड वर्क नाही, स्मार्ट वर्क करा. लिंबायतच्या एका ग्रुपमध्ये भाच्याने हे चित्र टाकलं आणि मामा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मामांनी तीस वर्षं खात्यात लूम चालवलेत. बारा-बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रातची. पोरगा आपल्यालाच चौकोनी दगडवाला म्हणतोय, असं त्यांच्या मनाला लागलं.

भाचाही खोटं बोलत नाही हो. धोट्याच्या मागाजवळ उभं राहून ज्यांचे कान गेले त्यांना विचारा. आज वॉटरजेटवर पाण्याच्या फवाऱ्यानेच बाण्याचा धागा पार जातो, धोटा लागतच नाही. हिऱ्याच्या धंद्यातही तेच. पूर्वी कच्चा हिरा भिंगाखाली धरून कुठून कापायचा ते नजरेवर ठरायचं, चुकलं तर माल गेला. आता स्कॅनिंग मशीन आधीच दाखवतं, लेझर कापतो. डोकं चालवणं चूक असतं तर आपण सगळे अजून हातमागावरच बसलो असतो.

मग आमचं म्हणणं काय? एवढंच, की कष्ट वाचले म्हणता, तर ते संपले की दुसऱ्याकडे गेले, हे एकदा बघावं.

साडीला टिकी लावायचं काम घ्या. आपल्या किती भगिनी हे करतात! माल देणाऱ्याला जागा नको, लाइटबिल नको, पगारी माणूस नको. गठ्ठा घरी पोचवला, नगावर पैसे दिले, झालं. हिशोबात हे स्मार्टच आहे. पण टिकी काही आपोआप चिकटत नाही. ते काम दिंडोलीतल्या एका खोलीत आलं, स्वयंपाक उरकल्यावर ट्यूबलाइटखाली वाकलेल्या पाठीवर आलं, आणि माल अर्जंट असला की शाळेतून आलेल्या पोराच्या बोटांवरही आलं. आम्ही शेठलोकांना दोष देत नाही, त्यांच्यावरही वरून घाई असते. फक्त याला कष्ट वाचवणं म्हणू नये, कष्ट सरकवणं म्हणावं.

याच्या उलटं कामही आपल्या सुरतनेच पाहिलंय. सप्टेंबर 1994 मध्ये इथे प्लेग आला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडलं. आपली खान्देशची माणसं पोरांना कडेवर घेऊन नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे मिळेल त्या गाडीत चढली. जुन्या माणसांना विचारा, अजून सांगतात. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. झाडू मारणाऱ्यांनी आधी काय कमी मेहनत केली होती? पण दिवसा गर्दीच्या रस्त्यावर झाडायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच कचरा! रावसाहेबांनी रस्ते रात्री झाडायला लावले, शहराचे झोन पाडून तिथल्या अधिकाऱ्यांना निर्णय घ्यायचे अधिकार दिले. आणि मुख्य गोष्ट, अधिकाऱ्यांना रोज एसी खोलीतून उठवून वॉर्डात उभं केलं. स्वतःही फिरले. इंग्रजीत ते याला ‘एसी टू डीसी’ म्हणायचे, म्हणजे एसी सोडा आणि रोजची कामं बघा. 1996 मध्ये ‘इंटॅक’ने सुरतला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. या योजनेत डोकं तर होतंच, पण ज्यांनी ते चालवलं तेही घामातून सुटले नाहीत. उलट त्यांचा घाम वाढला. (रात्री झाडणाऱ्यांची झोप मात्र गेली, तेही विसरू नये.)

काही साधक म्हणतील, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच कर्मातल्या कौशल्याला योग म्हटलंय. म्हटलंय ना. पण आजूबाजूचे श्लोकही वाचा. तिथे फळाची ओढ सोडून सम बुद्धीने काम करण्याची गोष्ट चाललीय, कमी कामात जास्त नफा काढायची नाही.

आता आमचीच चूक सांगतो, लपवून काय करायचं. मागच्या भंडाऱ्याला आम्ही यादी मोबाईलवर केली. ज्याने आधी नाव टाकलं त्याला आवडीची सेवा. फोनाफोनी वाचली, भांडणं वाचली, आम्ही स्वतःवर खूश होतो. पाहुण्यांचं स्वागत, फोटो, माईक, प्रसादवाटप दहा मिनिटांत भरलं. रात्री अकराला मागच्या मोरीवर जाऊन पाहिलं तर खिचडीची करपलेली पातेली चार मावश्या घासत होत्या. दरवर्षी त्याच चौघी. दोघींकडे तर स्मार्टफोनच नाही, यादी त्यांनी पाहिलीच नव्हती. एक मावशी आम्हाला पाहून म्हणाल्या, “भाऊ, जेवलात का?” आम्हाला उत्तर सुचेना. मोबाईलची यादी चांगली होती, तिने आमचे कष्ट खरोखर वाचवले. फक्त ते मोरीवर जाऊन पडले होते.

यंदाच्या भंडाऱ्याची यादी पुन्हा मोबाईलवरच करतोय, मामांच्या भाच्यानेच ती बनवून दिलीय. या वेळी भांड्यांची सेवा भरल्याशिवाय बाकीच्या सेवा उघडणार नाहीत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नावं आम्ही घरी जाऊन विचारून घेऊ. आणि त्या चार मावश्यांना आधीच पंगतीत पहिल्या रांगेत बसवलंय, नाही म्हणाल्या तरी. पातेल्यांसाठी आठ जण लागतील. हे पत्रक लिहिणाऱ्या आम्हा तिघांची नावं टाकलीत, मामांनी चौथं दिलंय. अजून चार हवीत. बुधवारपर्यंत कळवा.

जय गुरुदेव 🙏