आरपार पाहणारी दृष्टी



वरवरच्या गोष्टींत न गुंतता मर्म ओळखणाऱ्या बुद्धीला इंग्रजीत 'पर्स्पिकॅसिटी' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. 'पेर' म्हणजे आरपार, 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. आवरण भेदून आतले पाहते ती दृष्टी, हा त्याचा मूळ भाव. हा धातू आपल्याला परका नाही. संस्कृतातील 'पश्यति' त्याच प्राचीन मुळातून निघाला, असे भाषाशास्त्र सांगते. पाणिनीने 'दृश्' धातूला 'पश्य' हा आदेश सांगितला आहे, तोच हा.

आता या शब्दाचे गोत्र पाहा. आदर या अर्थाचा 'रिस्पेक्ट' म्हणजे मुळात मागे वळून पाहणे. संशय घेणे या अर्थाचा 'सस्पेक्ट' म्हणजे खालून, चोरट्या नजरेने पाहणे. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना 'स्पश' म्हटले आहे. इंग्रजी 'स्पाय' त्याचाच भाऊबंद. आदर, संशय आणि हेरगिरी ही तिन्ही एकाच घरची लेकरे!

मग तीक्ष्ण दृष्टी हा स्वतःच सद्गुण मानावा काय? दारी आलेल्याची नड लोभी सावकार एका नजरेत ओळखतो आणि व्याज वाढवतो. दासोही तीच नड ओळखतो आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच पान मांडतो. दोघांचीही नजर आरपार गेली. पाहण्यात उणेअधिक नाही. पाहिल्यानंतर काय केले, तेथे वाटा फुटल्या.

कोणी म्हणेल, मग दुसऱ्याचा दोष पाहूच नये काय? अवश्य पाहावा, पण वैद्य रोग पाहतो तसा. रोग ओळखून जो गावभर सांगत सुटतो, त्याला वैद्य कोण म्हणेल?

शरणांनी 'अरिवु' म्हणजे जाणीव आणि 'आचार' यांची ताटातूट होऊ दिली नाही, त्याचे मर्म येथे आहे. आचाराविना जाणीव म्हणजे नुसती धार. ती भाजी चिरेल, तसे बोटही कापील.

आपल्यापैकी अनेकांना माणसे चटकन ओळखता येतात आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. तेव्हा आज एवढेच तपासावे: ज्याला आपण आरपार ओळखले, तो आपल्याजवळ निर्धास्त बसतो, की अंग चोरून?