डावा आधी

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या जिमचा ट्रेनर रोज सकाळी मला एकच गोष्ट सांगतो. ‘मॅडम, एडगडे मोदलु.’ डावीकडून आधी. डाव्या हाताने ४ किलोचं डंबेल डोक्यावर नेताना आठव्या खेपेला कोपर थरथरतं, पाठीत खांद्याचं पातं पंखासारखं उचलतं आणि मान नकळत उजवीकडे कलते. तिथे थांबायचं. मग तेच ४ किलो, तेवढ्याच आठ खेपा, उजव्या हाताने. उजव्याला १० किलो जातं. अकरा वर्षांत मी ते त्याला फार थोड्या वेळा दिलं आहे.

माझा डावा खांदा जन्मापासून असा आहे. बाळंतपणात तो अडकला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यातल्या वरच्या दोन ताणल्या गेल्या. बोटं आणि मनगट शाबूत राहिलं. खांदा आणि दंड मात्र अर्धाच कामाचा उरला. दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते. जे परत यायचं ते माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आलं. आता मी ४३ वर्षांची आहे. ब्लाउजचं माप घेताना शिंपी दोन्ही खांदे वेगवेगळे मोजतो आणि वहीत दोन आकडे लिहितो, मध्ये एक तिरकी रेघ. त्या रेघेची मला सवय झाली आहे.

तीन महिन्यांपूर्वी दुखायला लागला तो उजवा खांदा. चांगला होता तो.

मामांना हे सगळं मी रविवारी सकाळी सँकी तलावाला फेऱ्या मारताना सांगितलं. मामा मूळचे बेळगावचे, तालमीत वाढलेले. १९७० साली एचएमटीच्या जलाहळ्ळीच्या घड्याळ कारखान्यात शिकाऊ म्हणून आले आणि मग बेंगळुरूचेच झाले. जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर १९६१ साली उभा राहिलेला तो कारखाना आता बंद आहे, पण मामा अजूनही कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी कानाशी नेतात.

‘तालमीत तुम्ही जोडी फिरवायचात ना?’ मी विचारलं. ‘दोन्ही मुद्गल सारख्याच वजनाचे?’

‘होय की. आणि आकडा दुबळ्या हाताचा धरायचा. उजवा पन्नास मारू दे, डावा तीसला थकला की जोडी खाली.’

‘म्हणजे माझा ट्रेनर म्हणतो तेच.’

‘वस्तादही तेच म्हणायचे. कारखान्यातही तेच. बॅलन्सचं चाक आम्ही दोन सरळ धारांवर ठेवून बघायचो. जड बाजू असेल तर ती आपोआप खाली येऊन थांबते. मग त्या जागेचा किंचित धातू काढायचा. इतका किंचित, की फुंकरीने उडून जाईल. हलक्या बाजूला काही चिकटवायचं नाही. जड बाजूचंच काढायचं. मग चाक कुठेही थांबतं. तेव्हा ते तोललं.’

आम्ही थोडं अंतर गप्प चाललो. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण का पटत नाही हे शब्दात पकडायला वेळ लागला.

‘मामा, चाकाची जड बाजू ही चूक असते. माझा उजवा हात ही चूक नाही. त्याने दोघांचं काम केलं आहे. बस धरली, सूटकेस वर टाकली, माझ्या लेकीला कडेवर घेतलं. आणि मी त्याला काय देते? ४ किलो. का, तर शेजारच्याला जास्त जमत नाही म्हणून. घरातल्या हुशार मुलाला दुसऱ्या मुलाचं मन राखायला शाळेतून काढावं, तसं वाटतं मला.’

‘आणि त्या दुसऱ्या मुलाला काय वाटतं?’

‘त्याला काही वाटत नाही, तो खांदा आहे.’

‘मग पहिल्यालाही वाटत नाही. दोन्हीकडून वाटणारी तूच आहेस. तुला कुणाची बाजू घ्यायची आहे ते सांग.’

ते मला सांगता येईना. पण एक गोष्ट मी त्यांना सांगू शकले. शरीराचा हिशोब धातूसारखा नाही, एकीकडचं काढलं तरच दुसरीकडे समतोल येईल असा. १८९४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका हाताला ताकदीचा सराव देऊन दोन्ही हात मोजले. ज्याला सराव दिलाच नव्हता, त्या हाताचीही ताकद वाढलेली निघाली. तेव्हापासून ही गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली गेली आहे. स्नायू एकाच बाजूचा राबतो, पण हुकूम देणारी मज्जासंस्था दोघांची एकच. म्हणजे उजव्याने १० किलो उचललं तर ते डाव्याच्या ताटातून काढलेलं नसतं. उलट त्यातलं थोडं डाव्याच्या ताटात पडतं.

मामा थांबले. खरंच थांबले, पाण्याकडे तोंड करून. ‘हे आमच्या वस्तादाला कुणी सांगायला हवं होतं,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘तर मग उचल की दहा. अडतंय कुठे?’

अडतंय ते दुखण्याशी. उजवा आधीच दमला आहे. आणि उजवा मोकाट सुटला की पाठीचा कणा त्याच्याकडे ओढला जातो. बारवर दोन्ही हातांनी वजन ढकलते तेव्हा मला हे आरशात दिसतं. बार उजवीकडे वर चढतो, डावीकडे रेंगाळतो, आणि तो सरळ दिसावा म्हणून माझी कंबर डावीकडे सरकते. हात खोटं बोलतात आणि ते निभावते कंबर. बार मी म्हणूनच सोडला.

‘चंद्रशेखर आठवतो तुला?’ मामांनी विचारलं. हे येणार याची मला कल्पना होती. लहानपणापासून माझ्या खांद्याचा विषय निघाला की मामांकडे चंद्रशेखर येतो.

भागवत चंद्रशेखर आमच्याच कर्नाटकाचा. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात सुकला. सीमारेषेवरून चेंडू फेकायचा तो डाव्या हाताने. पण गोलंदाजी त्याने केली ती त्याच सुकलेल्या उजव्याने. लांब उड्या मारत धाव घेऊन, लेगस्पिनरला न शोभणाऱ्या वेगाने. ५८ कसोटी, २४२ बळी. १९७१च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर त्याने ३८ धावांत सहा जणांना बाद केलं, इंग्लंड १०१ वर आटोपलं, आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. मामा तेव्हा वीस वर्षांचे होते. गणपतीला बेळगावला गेले होते. इंग्लंड कोसळलं ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणि विजय आला तो ऐन चतुर्थीला. घरी मूर्तीशेजारीच ट्रान्झिस्टर ठेवला होता म्हणतात. ‘एकदंताच्या पुढ्यात ऐकला तो सामना,’ असं ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज अजूनही बदलतो.

‘त्याने दुबळा हात बरोबरीला आणला नाही,’ मामा म्हणाले. ‘तो हात जसा होता तसा वापरला. बारीक होता म्हणून चाबकासारखा फिरायचा.’

‘मला चंद्रशेखर आवडतो, मामा. पण लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला भीती वाटायची.’

‘भीती?’

‘की माझ्या डाव्या हातातही असं काहीतरी लपलेलं असणार आणि ते मला शोधून काढावं लागणार. नाही सापडलं तर तो हात नुसताच दुबळा. उसेन बोल्टचंही तेच सांगतात. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या धावण्याची मोजणी मांडली. उजवा पाय डाव्यापेक्षा १३ टक्के जास्त जोराने जमिनीवर आपटतो, डावा १४ टक्के जास्त वेळ जमिनीवर टिकतो. जगातला सगळ्यात वेगवान माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नव्हता, बघा! बघते मी. पण माझ्या डाव्या खांद्याने सहा बळी घेतले नाहीत. कधी घेणारही नाही. त्याने काही कमावून दाखवलं तरच त्याला घरात जागा, असं का?’

मामा बराच वेळ बोलले नाहीत. आम्ही दुसरी फेरी सुरू केली होती. ते नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारतात, तलाव उजव्या हाताला ठेवून. देवळातली सवय.

‘तुझी मामी,’ ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले.

मामीला आठ वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. चार वर्षांनी ती वारली. त्या चार वर्षांतलं मला माहीत होतं ते एवढंच, की मामांनी तिचं सगळं केलं. साडीच्या निऱ्या, वेणी, भाताचा घास. आम्ही सगळे त्यांचं कौतुक करायचो.

‘फिजिओ यायची एक. चांगली मुलगी. महिन्याभराने मला बाजूला घेऊन म्हणाली, अंकल, त्यांच्या हाताचं काम तुम्ही करताय, म्हणून हात काम विसरतोय. मग तिने चांगल्या हाताला जाड मोजा घालायला सांगितलं. डावा हात बंद. जे करायचं ते उजव्याने.’

मला ती पद्धत माहीत होती. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती बसवली. त्याने माकडांमध्ये पाहिलं होतं, की निकामी झालेला हात वापरायचा प्रयत्न फसत गेला की प्राणी तो वापरायचंच सोडतो, आणि पुढे हातात थोडं बळ परत आलं तरी सोडलेलं सोडलेलंच राहतं. म्हणून चांगला हात बांधायचा. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ.

‘दोन आठवडे?’ मी विचारलं.

‘तीन दिवस. तिसऱ्या दिवशी ती रडली. पाण्याचा पेला उचलता येईना. साठ वर्षांची बाई, भरल्या घरात तहानलेली बसली होती. मी मोजा काढला.’

तलावावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मामा त्याच्याकडे बघत होते.

‘पण त्या तीन दिवसांत एक झालं. तिचं घड्याळ, माझ्याच कारखान्याचं, चावीचं. ती ते डाव्या मनगटावर बांधायची, म्हणजे चावी उजव्या हाताने. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते मांडीवर घेतलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी चावी फिरवली. अर्धा तास लागला. पुरती नाही भरली. दुपारी कधीतरी घड्याळ बंद पडलं. पण तेवढा वेळ ते तिच्या हाताने चाललं होतं. मोजा काढल्यावर चावी पुन्हा मी द्यायला लागलो.’

‘तुम्हाला वाटतं तुम्ही चुकलात?’

‘रोज वेगळं वाटतं. तिला तहानलेलं ठेवायचं नव्हतं, ते बरोबर. आणि माझ्यासारख्या धडधाकट माणसाने तिचा हात झोपवला, तेही खरं. तू मघाशी उजव्या हाताबद्दल बोललीस ना, दोघांचं काम केलं म्हणून. मला ते ऐकवलं नाही. दोघांचं काम करणारा नेहमी भला नसतो गं. कधी कधी तो दुसऱ्याला करू देत नाही.’

मला वाटतं त्या वाक्याने माझा प्रश्नच बदलला. मी आत्तापर्यंत न्यायाचा विचार करत होते, कुणाला किती किलो. वजन सारखं द्यावं की कष्ट सारखे? डाव्याचे ४ आणि उजव्याचे १०, दोघांची आठवी खेप सारखीच थरथरते. मग सारखेपणा किलोत मोजायचा की थरथरण्यात? पण मामांचं म्हणणं त्याच्याही आधीचं होतं. बलवान बाजू दिवसभर, जिमच्या बाहेर, न विचारता पुढे होते. दार ती उघडते, पिशवी ती घेते. डाव्याची पाळी येतच नाही. मग सकाळी आठ खेपा देऊन मी त्याला न्याय दिला असं मानते.

आणि उजवाही त्यात झिजतो. पोलिओतून वाचलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं आहे. जे मज्जातंतू वाचतात ते शेजारच्या मेलेल्यांचे अनाथ स्नायूधागे दत्तक घेतात, आणि माणूस पुन्हा चालायला लागतो. मग तीस-चाळीस वर्षांनी काहींमध्ये हे पोशिंदेच थकतात, आणि बरा झालेला पाय पुन्हा दगा देतो. त्यांना व्यायाम सांगतात तोही दमण्याच्या अलीकडे थांबणारा. म्हणजे रोज दुबळ्या बाजूलाच पुढे करावं, हाही नियम धरता येत नाही. तिलाही थकायचा हक्क आहे.

‘पांडुरंग बघ,’ मामा म्हणाले. ‘समचरण. दोन्ही पाय विटेवर सारखे.’

‘तो उभा आहे, मामा. आपण चालतोय. चालताना प्रत्येक पावलाला भार एकाच पायावर असतो.’

त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, दोन पावलं मोजून टाकली आणि मान हलवली. मग म्हणाले, ‘घड्याळात टिक आणि टाक यांच्यात अंतर सारखं नसलं तर आम्ही म्हणायचो, लंगडतंय. कानाला लगेच कळतं. पण अशी घड्याळं वेळ बरोबर दाखवतातही, वर्षानुवर्षं. एकच अडचण. थांबलं की आपलं आपण पुन्हा सुरू होत नाही, जरा हलवावं लागतं. चावी भरताना कुणीतरी जवळ लागतं.’

‘मग तुम्ही ते दुरुस्त करायचात की तसंच ठेवायचात?’

‘कारखान्यातून बाहेर जाणारं, दुरुस्त. गिऱ्हाइकाने आणलं असेल तर आधी विचारायचो, तुम्हाला त्रास होतो का याचा?’

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावर आम्ही कॉफी घेतली, उभ्यानेच. गरम पेला मी डाव्या हातात धरला. कोपर अंगाला टेकवलेलं असलं की तेवढं त्याला जमतं. मामांनी ते पाहिलं, बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं की उद्यापासून ट्रेनरचं अर्धंच ऐकणार आहे. डावा आधी, हे ठेवणार, कारण ताजं लक्ष आधी त्याला मिळायला हवं. पण नंतर उजव्याला त्याचं स्वतःचं वजन, दुखणं थांबेल तसं, हळूहळू दहापर्यंत. ‘अंतर वाढेल,’ मामा म्हणाले. वाढेल कदाचित. पाठीचे व्यायाम तेवढे दोन्हीकडे सारखे ठेवीन, कण्यासाठी. बाकीचं शिंप्याच्या वहीत दोन आकड्यांनी लिहिलेलं आहेच.

निघताना भाजीची पिशवी डाव्या खांद्यावरून घसरली. ती नेहमीच घसरते, त्या खांद्याला उतार आहे. मामांचा हात सवयीने पुढे आला आणि माझ्या कोपरापर्यंत येऊन अर्ध्यावर थांबला. ते वाट बघत राहिले. शेजारून रिक्षा, स्कूटर, फुलवाल्याची गाडी जात होती, आणि मामा हात तसाच हवेत धरून उभे होते.

डाव्याने सकाळी आठ खेपा केल्या होत्या, आत्ता गरम पेला धरला होता. मी पिशवी उजव्या खांद्यावर घेतली.